पाचातल्या चौघांचे पैसे बुडणारच

मे महिन्यात आंबा-काजूचे चार पैसे हातात असतात, चाकरमानी गावी आलेले असतात, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पडवीत वही उघडून साखळी योजनेचा, म्हणजे पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुढे माणसं जोडत जायची असा ‘प्लॅन’ दाखवायला बसतो. ‘आत्ताच जॉइन हो, वरच्या लायनीत राहशील.’ पुढे पैसे बुडाले की तोच म्हणतो, ‘तू मेहनतच घेतली नाहीस.’ ही दोन्ही विधानं गणितात टिकत नाहीत.

समजा, सभासद व्हायला ५,००० रुपये, प्रत्येकाने सहा माणसं जोडायची आणि माणसामागे १,००० रुपये कमिशन. म्हणजे स्वतःचे पैसे सुटायलाच पाच माणसं हवीत. आता ६, ३६, २१६, १,२९६ असं गुणत जा. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्खा रत्नागिरी जिल्हा १६,१५,०६९ माणसांचा होता, पाळण्यातल्या पोरांसकट.

साखळी कधीतरी तुटणार हे बहुतेकांना कळतं. ‘तोवर आपले सुटतील’ ही आशा मात्र सुटत नाही. सहाव्या पायरीवर तुटली तर एकूण ५५,९८७ पैकी ४६,६५६ जण तळाशी, ज्यांच्याखाली कोणीच नाही. म्हणजे ८३.३ टक्के. सातव्यापर्यंत ताणली तर ३,३५,९२३ पैकी २,७९,९३६. पुन्हा ८३.३ टक्केच! अशा दर पायरीला ठरावीक पटीने वाढणाऱ्या (भूमितीय) श्रेणीत सहाऐवजी ‘क’ माणसं धरली, तर तळाचा वाटा (क−१)/क च्या जवळ जातो. प्रत्येकाने डावीकडे एक, उजवीकडे एक अशी दोनच माणसं जोडायच्या ‘लेफ्ट-राइट’वाल्या प्लॅनमध्येही निम्मे तळाशीच.

प्रत्यक्षात साखळी अशी सारखी वाढत नाही, हे खरं. पण प्रत्येकाला जोडणारा एकच असतो. म्हणजे ‘न’ सभासदांत जोडण्या न−१, माणशी सरासरी एकाहून कमी. पैसे सुटायला पाच हव्यात, तर पाचातल्या चौघांचे सुटूच शकत नाहीत, आकृती कशीही काढा. तुम्ही जास्त धावलात तर बुडणारा माणूस बदलेल, प्रमाण पाचात चौघांखाली जाणार नाही. भिशीत असं होत नाही, कारण तिथे माणसं ठरलेली असतात आणि प्रत्येकाची पाळी येते.

‘आमच्याकडे वस्तू आहे’ म्हणतात. पण तो पावडरीचा डबा सभासद नसलेलं गिऱ्हाईक त्या किमतीला घेतं का? घेत नसेल, तर कमिशन नव्या सभासदाच्याच खिशातून येतं. आणि एकाच डब्याने गुडघेदुखी, मधुमेह, मूळव्याध सगळं जातं, हे ‘सायन्स’च्या नावाने सांगितलं जातं तेव्हा संताप येतो. त्यावर विसंबून कोणी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतेल.

वाडीत पहिली सहा नावं कोणाची लिहिली जातात? बहीण, मावशी, चुलतभाऊ, शेजारचे काका. पैसे बुडतात तेही त्यांचेच, आणि मग गणपतीत एकमेकांच्या घरी जाणं बंद होतं.

नुसती माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यात सभासद होणं हाही गुन्हा आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना, म्हणजे अशाच साखळ्यांना, मनाई केली आहे.