नाईटचा थकवा आणि नववा प्रश्न

धुळ्याला माझी मावसबहीण एका दवाखान्यात सिस्टर आहे. सलग चौथी नाईट करून आलेली, तरी कळण्याची भाकरी थापत बसली होती. नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची यादी मी तिला वाचून दाखवत होतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, थकवा, कामात लक्ष... ती हसलीच. "नाईट ऱ्हायनी म्हंजे हाई व्हसच ना, दादा!"

गोम इथेच आहे. रात्रभर ट्यूबलाइटखाली राहिलं की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन दबतं. दिवसा झोपावं तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, वरून पत्रा तापलेला. नुसता थकवा असेल तर दोन-तीन झोपा नीट झाल्या की तो बहुधा उतरतो. नैराश्यात सुटी मिळूनही मन उतरलेलंच राहतं, आवडीच्या गोष्टीचीही गोडी जाते आणि हे जवळपास रोज, दोन आठवडे तरी चालतं.

डॉक्टरने जीव दिला की बातमी होते. आयाबाईची कोण छापतो? अमेरिकेत सुमारे १८ लाख नोकरदारांची २०१९ पर्यंतची माहिती तपासणारा अभ्यास २०२३ साली आला. आरोग्यसेवेबाहेरच्या नोकरदारांच्या तुलनेत आत्महत्येचा धोका नर्समध्ये १.६४ पट, मदतनीसांमध्ये १.८१ पट निघाला. डॉक्टरांत मात्र ठळक फरक नव्हता. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा चिकटवू नये. पण ड्यूटी लावणारा वेगळा आणि नातेवाइकांच्या शिव्या खाणारा वेगळा, हे इथल्या कुठल्याही वॉर्डात तासभर बसलं तरी दिसतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो ऐकताच तिने मळलेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट बोलल्याने माणूस हलका होतो. म्हणून मी सरळ विचारलं.

"पोळ्याच्या सुमारास वाटे," ती म्हणाली. "आता नाही."

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिला दिला. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

"मेट्रनला कळेल?"

नाही कळणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, म्हटलं. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि नंबर सेव्ह केला, 'गॅसवाला' म्हणून.