भागाकार बरोबर, तरी पॅलेट बाहेर

ट्रेलरमध्ये पॅलेट (माल रचून उचलायची लाकडी चौकट) किती बसतील असं विचारलं की बहुतेक जण कॅल्क्युलेटर काढतात, फ्लोअरचं क्षेत्रफळ भागिले पॅलेटचं क्षेत्रफळ, झालं. युरोपातला नेहमीचा ट्रेलर घ्या, आतून १३.६ मीटर लांब आणि साधारण २.४५ मीटर रुंद. म्हणजे ३३.३ चौरस मीटर जागा, आणि १.२ बाय १ मीटरचं पॅलेट असेल तर भागाकार येतो पावणेअठ्ठावीसच्या आसपास. बसतात मात्र २६. आडव्या ओळीत दोन पॅलेट, अशा १३ ओळी झाल्या की मागे दाराजवळ ६० सेंटीमीटरची पट्टी उरते, जिचं क्षेत्रफळ एका अख्ख्या पॅलेटपेक्षा जास्त आहे, पण पॅलेट काही कापून ठेवता येत नाही ना.

तिथलंच युरो पॅलेट १.२ बाय ०.८ मीटरचं असतं. ते तीन शेजारी-शेजारी ठेवले की २.४ मीटर होतात आणि अशा ११ ओळी म्हणजे ३३ पॅलेट. वळवून दोन-दोन लावले तर १७ ओळी, म्हणजे ३४, पण त्याला लागतात बरोब्बर १३.६ मीटर. एका पॅलेटवरचा बॉक्स जरी बोटभर बाहेर आला की दार लागणार नाही, म्हणून सगळे ३३ च धरून चालतात.

खरी गंमत कंटेनरमध्ये आहे. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ मोठे डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, तेव्हा अमेरिकेत ट्रकच्या रुंदीला ८ फुटांची मर्यादा होती, आणि पुढे जगभराच्या कंटेनरची बाहेरची रुंदी तीच ठरली. पन्हाळीदार भिंती वजा केल्या की आत उरतात साधारण २.३५ मीटर. तिकडे युरो पॅलेटचं माप १९६१ मध्ये रेल्वेवाल्यांनी ठरवलं, त्यांना जहाजाशी काय देणंघेणं! आता युरो पॅलेट नीट बसायला लागतात २.४ मीटर आणि आहेत २.३५. या ५ सेंटीमीटरपायी ४० फुटी कंटेनरमध्ये भागाकाराने २९ यायला हवेत तिथे २४, फार तर २५ बसतात. मला तर हे स्टँडर्डायझेशनचं सगळ्यात महागडं गणित वाटतं, कारण दोन्ही मापं आपापल्या जागी शहाणपणाचीच आहेत. शेवटी युरोपात थोडे रुंद कंटेनर वेगळे बनवावे लागले.

१.२ बाय १ मीटरचं पॅलेट, जे आपल्याकडेही खूप चालतं, ते याच कंटेनरमध्ये एक आडवं एक उभं असं लावतात, रुंदी २.२ मीटर होते आणि बसतं. ४० फुटीची आतली लांबी साधारण १२.०३ मीटर, म्हणजे एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १० असे २२ कागदावर येतात. पण १२ पॅलेटच्या ओळीला मोकळीक किती, तर ३ सेंटीमीटर, एका पॅलेटमागे अडीच मिलिमीटर! गोण्यांचा माल त्याहून जास्त फुगतो. म्हणून प्रत्यक्षात २० किंवा २१.

आपला ३२ फुटी ट्रक बघा. लांबी ९.७५ मीटर, रुंदी म्हणायला ८ फूट, पण बॉडी कोणी बांधली त्यावर आत दोन-तीन इंच इकडेतिकडे होतात. आत खरोखर २.४ मीटरच्या वर जागा असेल तर ९ ओळी, १८ पॅलेट. ती २.३८ निघाली तर दोन पॅलेट आडवे शेजारी बसतच नाहीत, मग कसंही फिरवा, १७ च. त्यामुळे ट्रक बुक करताना लांबी विचारणाऱ्याने आतली रुंदी आधी विचारावी, आणि शक्यतो टेप लावूनच बघावी.

अमेरिकेत ५३ फुटी ट्रेलर आणि ४८ बाय ४० इंचाचं पॅलेट. सरळ लावले तर २६, एक सरळ एक वळवून २८, सगळे वळवून ३०. मग सगळेच ३० का नाही लावत? कारण लाकडी पॅलेटच्या खालच्या पट्ट्यांमुळे हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलायची हातगाडी) बऱ्याचदा दोनच बाजूंनी आत घुसतो आणि वळवलेल्या पॅलेटची बंद बाजू दाराकडे येते, आणि रीफर, म्हणजे थंड ट्रेलर, असेल तर भिंतीलगत थंड हवा फिरायला फट सोडावी लागते.

तिरके ठेवले तर? गणितवाल्यांनी हेही करून बघितलंय. एकाच मापाचे ११ चौरस कमीत कमी मोठ्या चौरसात बसवायचे तर १९७९ मध्ये सापडलेल्या मांडणीत काही चौरस चक्क ४० अंशांनी तिरके आहेत. फोर्कलिफ्टवाल्याला हे चित्र दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

आणि एवढं करून वजन आडवं येतं. ३२ फुटी सिंगल एक्सल गाडी (मागे चाकांचा एकच आस असलेली) साधारण ७ टन माल नेते, म्हणजे १८ पॅलेट भरले तर एकाला ३९० किलोच्या आत राहायला हवं. चिप्सची पाकिटं असतील तर गाडी आधी भरते, पाण्याच्या बाटल्या असतील तर आधी वजन संपतं आणि अर्धा फ्लोअर रिकामा राहतो. सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, पण ही मर्यादा एक्सलमागे आहे, त्यामुळे एकूण वजन बसलं तरी माल कुठे ठेवला हे बघावंच लागतं.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. चाकणहून गाडी निघाली, पहिला माल साताऱ्याला, उरलेला कोल्हापूरला. साताऱ्याचा माल अर्थातच दाराजवळ. आता गाडीचा मागचा भाग मागच्या एक्सलच्याही पलीकडे गेलेला असतो, तिथला माल तरफेसारखा गाडीचं तोंड किंचित वर उचलत असतो. साताऱ्याला तोच उतरवला की एकूण वजन कमी होतं आणि पुढच्या एक्सलवरचं मात्र वाढतं. चाकणच्या काट्यावर पुढचा एक्सल मर्यादेला टेकलेला असेल, तर साताऱ्याहून निघालेली हलकी गाडी पुढच्या एक्सलला ओव्हरलोड निघू शकते.