चिकटवणाऱ्यांना नोबेल, काढणारे मागेच: डब एन्झाइम्सची पार्श्वभूमी

सांगलीत बीएस्सीच्या पोरांना सेल बायोलॉजी शिकवताना युबिक्विटिनचा टॉपिक आला की सगळा वेळ ई१, ई२, ई३ या टॅग चिकटवणाऱ्या एन्झाइम्समध्येच जातो, नको असलेल्या प्रोटीनला टॅग म्हणून युबिक्विटिनची साखळी लागते, मग प्रोटिआझोम त्याचा चुरा करतं, झालं, पेपरात तेवढंच विचारतात. पण लावलेलं युबिक्विटिन परत काढणारी एन्झाइम्सपण आहेत, माणसात जवळजवळ १००, पूर्ण नाव डीयुबिक्विटिनेज, लॅबवाले त्यांना सरळ डब म्हणतात. मार्केट यार्डात सौदा झालेल्या पोत्यावरची चिठ्ठी कुणी काढून घेतली तर ते पोतं गाडीत चढायचं नाही, ढोबळमानाने तसं. मला यांचाच इतिहास जास्त भारी वाटतो, कारण यातली बरीचशी अशा लोकांना सापडली जे भलतंच काहीतरी शोधत होते.

युबिक्विटिन सापडलं १९७५ला, गिडिऑन गोल्डस्टाइन यांच्या टीमला, वासराच्या थायमस ग्रंथीत, ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन. १९७७ला ह्यूस्टनमध्ये गोल्डनॉफ आणि बुश यांनी दाखवलं की ते हिस्टोन एच२ए ला, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यातल्या एका प्रोटीनला, आडव्या फांदीसारखं जोडलेलं असतं, म्हणजे युबिक्विटिनचं शेवटचं ग्लायसिन आणि हिस्टोनचं लायसिन या अमिनो आम्लांत बंध. तेव्हा त्या जोडीला ए-२४ म्हणायचे आणि प्रोटीन तोडण्याशी तिचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १९८१ला त्याच बुशच्या लॅबने उंदराच्या लिव्हरमधून अशी अॅक्टिव्हिटी पकडली की जी ए-२४ फोडून हिस्टोन आणि युबिक्विटिन दोन्ही अख्खे वेगळे करते. काढणाऱ्याचा हा पहिला स्पष्ट पुरावा म्हणायला हरकत नाही.

दुसरीकडे हर्शको, चिचॅनोव्हर आणि रोझ सशाच्या कच्च्या रक्तपेशींवर काम करत होते आणि १९८०च्या त्यांच्या मॉडेलमध्येच टॅग परत काढणारं एन्झाइम धरलेलं होतं, चूक दुरुस्त करण्यासाठी. २००४चं केमिस्ट्रीचं नोबेल या तिघांना मिळालं. पण जग पळालं ते टॅग लावणाऱ्यांच्या मागे, काढणारे म्हणजे साफसफाई खातं, त्यात काय बघायचं, असंच बरीच वर्षं चाललं.

मग गंमत बघा. लंडनमध्ये ८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूतल्या प्रोटीन्सची यादी करताना पीजीपी ९.५ नावाचं एक प्रोटीन मिळालं होतं, न्यूरॉनमध्ये इतकं भरलेलं की मेंदूतल्या विरघळणाऱ्या प्रोटीनपैकी १ ते २ टक्के तेच. बायोप्सीत नस दाखवायला पॅथॉलॉजीवाले त्याचाच स्टेन वापरतात, मिरजेत कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला नाव सांगा, ओळखतील. ते करतं काय हे मात्र १९८९ला कीथ विल्किन्सन यांनी सांगितलं: हे तर डब आहे, आजचं यूसीएचएल-१. १९९८ला पार्किन्सन्स असलेल्या एका जर्मन कुटुंबात त्याचं म्युटेशन सापडलं आणि लोक उसळले, नंतर तो पुरावा तितका पक्का नाही असं दिसलं, तरी मेंदूचे आजार आणि डब यांची गाठ तिथून पडली ती पडलीच.

हर्पिस व्हायरसवर काम करणाऱ्यांचीही तीच कथा. ग्लासगोत १९९७ला व्हायरसच्या प्रोटीनला चिकटलेलं काहीतरी मिळालं, ते निघालं यूएसपी-७ हे डब. २००२ला कळलं की ते पी-५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनवरचं युबिक्विटिन काढून त्याला वाचवतं, म्हणजे यूएसपी-७ पण कॅन्सर रोखणारं झालं की, पण दोनच वर्षांत दिसलं की यूएसपी-७ पूर्ण काढून टाकलं तर पी-५३ उलट वाढतं, कारण पी-५३ ला संपवणारं एमडीएम-२ पण याच्याच जिवावर टिकून असतं. चांगलं की वाईट असं सरळ उत्तर या एन्झाइम्सबद्दल देताच येत नाही.

सीवायएलडी या डबचं उदाहरण त्या मानाने स्वच्छ. काही घराण्यांमध्ये डोक्याच्या कातडीवर गाठी येतात, वाढत वाढत एकमेकींना मिळतात आणि फेटा बांधल्यासारखं दिसतं. जीन सापडला २००० साली, पण ते एन्झाइम डब आहे आणि एनएफ-कप्पा-बी या दाह वाढवणाऱ्या सिग्नलला आवर घालतं हे २००३ला नेचरमध्ये एकदम तीन पेपर आले तेव्हा कळलं, त्यातल्या एका टीमने तर डब जीन्स गटागटाने बंद करून काय बिघडतं ते बघितलं होतं. इथे काढलेली साखळी प्रोटीन संपवणारी नसतेच, सिग्नल देणारी असते. आणि २००२ला आरपीएन-११ हे डब कळलं, ते प्रोटिआझोममध्येच बसलेलं असतं, प्रोटीन आत ढकलताना वरची साखळी कापून युबिक्विटिन परत वापरायला सोडतं, ते अडलं तर तोडणंच अडतं. म्हणजे वरचं पोत्याचं उदाहरण इथे उलटंच पडतं.

२००३ला बोर्टेझोमिबला अमेरिकेत मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, प्रोटिआझोम अडवूनही औषध होऊ शकतं हे दिसलं आणि मग कंपन्या डबकडे वळल्या. आता सांगलीकर म्हटलं की हळद आलीच, २०१८ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आपल्या हळदीला, आणि हळदीने कॅन्सर बरा होतो हे मेसेज तर रोजचेच. बहुतेक डब ही सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर चालतात आणि त्या गंधकाला धरणारा रासायनिक आकडा, म्हणजे हुक, कर्क्युमिनमध्ये आहे हे खरंय. तशाच धाटणीचा बी-एपी-१५ हा रेणू २०११ला स्वीडनच्या ग्रुपने यूएसपी-१४ आणि यूसीएचएल-५ ही दोन डब अडवणारा म्हणून मांडला. पण असा आकडा ज्याला त्याला धरत सुटतो. कर्क्युमिन टेस्टट्यूबमध्ये शंभर गोष्टींवर चालल्यासारखं दिसतं आणि पोटातून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. बी-एपी-१५ चा भाऊ व्हीएलएक्स-१५७० मायलोमाच्या पेशंटवर ट्रायलला गेला, तिथे दोघांना फुफ्फुसाचा गंभीर त्रास होऊन ते दगावले आणि ट्रायल थांबली. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा भागपण वाचावा.

त्यानंतरची रसायनं जरा हुशारीने बनवलेली आहेत. डीएनए दुरुस्तीतल्या यूएसपी-१ या डबवरची केएसक्यू-४२७९ सारखी औषधं सिस्टीनला हातच लावत नाहीत, बाजूच्या खोबणीत जाऊन बसतात, आणि बीआरसीए हे डीएनए दुरुस्तीचे जीन्स बिघडलेल्या ट्युमरमध्ये, पार्प हे दुसरं दुरुस्तीचं एन्झाइम अडवणाऱ्या औषधासोबत, त्यांच्या ट्रायल झाल्यात.