मैदानाच्या आधी एमआरआय

१९ डिसेंबर २०२० रोजी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाने नॉर्थवेस्टर्नला २२-१० असं हरवून ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेचं विजेतेपद मिळवलं. (नाव बिग टेन, पण तेव्हा त्यात विद्यापीठं होती १४.) हा अमेरिकन फुटबॉल, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात धरून पळायचा खेळ. मध्यंतराला ओहायो स्टेट ६-१० असं मागे होतं. मग ट्रे सर्मन धावत सुटला. त्या दिवशी चेंडू घेऊन तो एकूण ३३१ यार्ड, म्हणजे ३०० मीटरहून जास्त धावला.

त्याच्या संघातले २२ खेळाडू त्या दिवशी उपलब्धच नव्हते. अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळण्याची अट होती आणि ओहायो स्टेटचे झाले होते पाच. बाकीचे कोविडमुळे रद्द झाले होते. शेवटी अटच बदलावी लागली.

मला त्या हंगामात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते खेळाडूंचं हृदय. ११ ऑगस्टला बिग टेनने हंगाम पुढे ढकलला, त्यामागची एक मोठी चिंता होती मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. विषाणूमुळे तो होऊ शकतो. सुजलेल्या स्नायूतून विजेचे संदेश नीट वाहत नाहीत. अशा वेळी जोरात धावलं तर ठोक्यांची लय बिघडून खेळाडू जागीच कोसळू शकतो. म्हणून या आजारात तेव्हा तीन ते सहा महिने व्यायाम बंद ठेवत.

सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटच्याच डॉक्टरांचा अभ्यास आला. कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा हृदयाचा एमआरआय काढला, तर चौघांत या दाहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे १५ टक्के! पालकांच्या पोटात गोळा यावा असाच हा आकडा. पण २६ हा नमुना फार लहान. चार जणांवरून एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण साधारण ४ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असेल. शिवाय, कोविड न झालेल्या खेळाडूंचे एमआरआय तुलनेला नव्हते. वर्षानुवर्षं कसून सराव केलेलं हृदय मुळातच थोडं वेगळं दिसतं.

१६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला, पण कडक अटी घालून. रोज अँटिजेन चाचणी. ही चाचणी पीसीआरइतकी संवेदनशील नसते, पण उत्तर काही मिनिटांत देते आणि अंगात विषाणू भरपूर असतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला पकडते. रोज केली की आज निसटलेला उद्या सापडण्याची शक्यता वाढते. बाधा झालेल्याला किमान २१ दिवस सामना नाही. त्याआधी रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन), ईसीजी, इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि एमआरआय, सगळं करायचं. आठवड्याला एक सामना धरला तर तीन सामने गेले.

या अटीमुळे एक मोलाची गोष्ट घडली. एरवी निरोगी तरुणांचे हृदयाचे एमआरआय इतक्या संख्येने कोण काढतं? मे २०२१ मध्ये १३ विद्यापीठांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली. १,५९७ खेळाडूंपैकी ३७ जणांना मायोकार्डायटिस होता. म्हणजे २.३ टक्के. काही विद्यापीठांत शून्य, तर एका ठिकाणी ७.६ टक्के.

२६ जणांचा अभ्यास करणाऱ्यांना यावरून बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी प्रश्न विचारला म्हणून तर पुढची मोजणी झाली. आणि त्या मोजणीने आणखी एक गोष्ट दाखवली. छातीत दुखणं, धडधडणं अशा लक्षणांवरच विसंबलं असतं, तर ३७ पैकी फक्त पाच जण सापडले असते. बाकीचे ३२ आजार लक्षात न येताच मैदानात उतरले असते.

३७ पैकी २७ जणांचा पुन्हा एमआरआय झाला. सूज सगळ्यांची उतरली होती. ११ जणांच्या हृदयावरचे व्रणही दिसेनासे झाले होते. उरलेल्या १६ जणांचे मात्र अजून दिसत होते.