फोनिक्स तपासणी आणि तिची घरची तयारी

फोनिक्स तपासणी (फोनिक्स स्क्रीनिंग चेक) म्हणजे इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत ‘इयर वन’च्या, म्हणजे ५ ते ६ वर्षांच्या मुलांची दर जूनमध्ये होणारी वाचनतपासणी. शिक्षणतज्ज्ञ सर जिम रोज यांच्या २००६ च्या अहवालानंतर तिथल्या शाळांत ध्वनींवर आधारलेले वाचन (फोनिक्स) पद्धतशीर शिकवले जाऊ लागले. तपासणीचा प्रयोग २०११ मध्ये झाला आणि २०१२ पासून ती अनिवार्य झाली. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती नाही. ऑस्ट्रेलियात साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०१८ मध्ये ती स्वीकारली.

समोरची अक्षरे बघून मूल त्यांचे ध्वनी ओळखते का आणि ते जोडून शब्द उच्चारते का, एवढेच इथे पाहतात. अर्थ, वेग आणि स्पेलिंग तपासले जात नाही. ओळखीची शिक्षिका एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला देते. त्यांतले २० खरे असतात आणि २० बनवलेले. बनवलेल्या शब्दाशेजारी काल्पनिक प्राण्याचे चित्र असते आणि हे त्याचे नाव आहे असे मुलाला सांगतात. म्हणून मुले त्यांना ‘एलियन शब्द’ म्हणतात. पहिल्या भागात १२ बनवलेले आणि ८ खरे, दुसऱ्या भागात ८ बनवलेले आणि १२ खरे शब्द असतात. दुसरा भाग अवघड असतो: जोडून येणारी व्यंजने, ‘मेक’मधल्यासारखा (एम-ए-के-ई) मधे व्यंजन ठेवून दोन अक्षरांत फुटलेला स्वर आणि शेवटी दोन अवयवांचे, म्हणजे दोन टप्प्यांत उच्चारायचे शब्द. सगळे मिळून बहुतेक मुलांना १० मिनिटेही लागत नाहीत.

गुण देण्याचे नियम पालकांनी नीट समजून घ्यावेत. आधी सुटे ध्वनी म्हटले तरी चालते, पण शेवटी ते जोडून अख्खा शब्द म्हटलाच पाहिजे. नुसते ‘श्-इ-प्’ म्हणून थांबले तर गुण नाही. मुलाने स्वतःहून चूक सुधारली तर शेवटचे उत्तर धरतात. बनवलेल्या शब्दात अक्षरांचा कोणताही संभाव्य उच्चार चालतो: ओ-डब्ल्यू ही जोडी ‘काउ’सारखी वाचली काय आणि ‘स्नो’सारखी वाचली काय, दोन्ही बरोबर. खऱ्या शब्दात मात्र रूढ उच्चारच लागतो. मुलाची बोली आणि बोलण्यातली अडचण लक्षात घेतात, त्यामुळे घरातल्या मराठी वळणाची धास्ती नको.

अपेक्षित पातळी आजवर ३२ गुणांची राहिली आहे. पहिली दोन वर्षे हा आकडा शाळांना आधीच ठाऊक होता आणि देशभरात नेमके ३२ गुण मिळवणारी मुले संशयास्पद प्रमाणात जास्त निघाली. २०१४ पासून तो तपासणी झाल्यावर जाहीर करतात. ही पातळी २०१२ मध्ये ५८ टक्के मुलांनी गाठली, २०१९ मध्ये ८२ टक्क्यांनी, आणि कोविडनंतर २०२२ मध्ये ७५ टक्क्यांनी. जी मुले मागे राहतात त्यांना शाळा मदत देते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासते.

घरच्या तयारीत सर्वांत मोठी गफलत ध्वनीच्या उच्चारात होते, आणि मराठी घरांत तिला खास कारण आहे. आपल्या मुळाक्षरांत ‘अ’ मिसळलेलाच असतो. ‘क, ॲ, ट’ असे म्हटले की मुलाला ‘कॅट’ ऐकूच येत नाही. बाराखडीतला ‘क’ नको, पायमोडका ‘क्’ हवा: झटकन आणि आवाज न ओढता. स्, म्, न्, फ्, ल् हे ध्वनी लांबवता येतात, म्हणून जोडायला सोपे. सुरुवात ‘स्स्ॲट्’सारख्या शब्दांनी करावी. ‘सी-ए-टी कॅट’ ही आपली जुनी घोकंपट्टी या वयात अडसर ठरते, कारण ‘एच’ या नावात ‘ह्’ कुठेच नाही. ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवे. ‘शिप’ आणि ‘शीप’ बोलताना आपण सहज सारखे म्हणतो; इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द.

रोज ५ ते १० मिनिटे पुरतात. आधी कागदाशिवाय, नुसत्या कानाने: ‘न्… आ… क्… ला हात लाव’. हा खेळ मराठीत खेळला तरी उपयोगी पडतो, कारण जोडण्याचे कौशल्य कानाचे आहे. मग शब्द लिहून प्रत्येक ध्वनीखाली खूण करावी: एका अक्षराच्या ध्वनीला टिंब, दोन-तीन अक्षरांच्या ध्वनीला रेघ. ‘शिप’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस-एचखाली एक रेघ, पुढे दोन टिंबे, चार अक्षरे, ध्वनी तीन. मूल खुणेवर बोट ठेवत ध्वनी म्हणते, मग बोट डावीकडून उजवीकडे सलग फिरवून शब्द म्हणते. अडखळले तर शब्द सांगून टाकू नये. पहिले दोन ध्वनी जोडून घ्यावेत, मग तिसरा.

एलियन शब्दांची यादी पाठ करून घेणे व्यर्थ आहे. तपासणीत शब्द दरवर्षी बदलतात. त्यापेक्षा एकेक अक्षर बदलत जावे: ‘मॅप, टॅप, व्हॅप’, आणि यांतले खरे कोणते ते मुलाला विचारावे. सफाईने वाचणारी मुलेच इथे फसतात. शब्दाच्या आकारावरून अंदाज बांधायची सवय असल्याने एस-टी-आर-ओ-एम हे ‘स्ट्रॉम’ न वाचता ती ‘स्टॉर्म’ वाचून मोकळी होतात. अशा मुलांना ‘हे एलियनचे नाव आहे’ एवढे आधी सांगितले तरी फरक पडतो. बाकी नेहमीच्या चुका म्हणजे बी-डीची अदलाबदल आणि जोडव्यंजनातला एक ध्वनी गाळणे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. एखादी ओळख म्हणून दाखवावी, रोज नको.

नियमित सराव करूनही मुलाला ‘फ्’ आणि ‘थ्’, किंवा ‘प्’ आणि ‘ट्’ यांतला फरक ऐकू येत नसेल, तर शाळेशी बोलावे आणि डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कानाच्या पडद्यामागे द्रव साचणे या वयात सर्रास आढळते, आणि कमी ऐकू येणारे मूल ते स्वतः सांगत नाही.