वाशिष्ठीत बोट गाळात बसली तर काय होतं (बुकिंगच्या आधी वाचा)

नमस्कार. चिपळूणला आमच्याकडे वाशिष्ठी नदीतल्या मगरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे लिहितोय. फोनवर एवढं सांगणं होत नाही आणि बोटीत बसलं की सगळ्यांचं लक्ष काठाकडे, म्हणून घरूनच वाचून या.

मागच्या डिसेंबरात आमची एक बोट 9 पाहुण्यांसकट गाळात बसली आणि साडेचार तास तिथेच राहिली. कोणाला इजा झाली नाही, पण चूक आमचीच होती आणि ती कशी झाली हे तुम्हाला माहीत असायला हवं.

त्या दिवशी सप्तमी. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे पहाटे सव्वापाचला दाभोळच्या तोंडाशी, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, पूर्ण भरती, मग सहा-सव्वासहा तास ओहोटी, आणि ती वर चिपळूणकडे पोचेपर्यंत अजून उशीर. आम्ही नऊला निघालो तेव्हा पाणी उतरत होतं. मुद्दामच तशी वेळ धरतो कारण पाणी सुकलं की गाळाचे काठ उघडे पडतात आणि थंडीत मगरी त्याच काठांवर ऊन खात पडतात. म्हणजे मगर दिसायची वेळ आणि बोट अडकायची वेळ एकच, हे नीट लक्षात घ्या.

पावणेदहाला कांदळवनातल्या एका चिंचोळ्या फाट्याच्या तोंडाशी मोठी मगर दिसली. पाहुणे म्हणाले अजून थोडं आत घ्या, फोटो नीट येत नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आधी नाही म्हणाला, मग दोन-तीनदा आग्रह झाल्यावर त्याने बोट आत घातली, सगळे एकदम एका बाजूला आले, बोट कलली आणि तळ गाळात रुतला. रिव्हर्स टाकला तर पंख्याने गाळ उडवला, तोच गाळ इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत गेला, मागून पिचकारीसारखं थंडाव्याचं पाणी बाहेर पडतं ते थांबलं, मग इंजिन बंदच करावं लागलं. बांबूने रेटून बघितलं तर बांबूच हातभर आत जातो.

तेवढ्यात एक दादा ढकलायला म्हणून खाली उतरायला निघाले, त्यांना आम्ही अक्षरशः धरून बसवलं. मनापासून सांगतो, काही झालं तरी बोटीतून उतरायचं नाही. गाळात माणूस कमरेपर्यंत जातो, पाय निघत नाही, तिवराची (कांदळवनातलं झाड) मुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात, आणि मगर कुठे आहे हे गढूळ पाण्यात कळत नाही.

दुसरी बोट बोलावली पण तिलाही जवळ यायला पाणी नव्हतं, पाण्याच्या बाटल्या आणि केळी तेवढी दोरीने ओढून घेतली. मग वाट बघणं. इथला हिशोब असा की ओहोटी संपायला जितका वेळ बाकी असेल, साधारण तितकाच परत पाणी चढायला लागतो. बाराच्या आसपास पाणी उतरायचं थांबलं आणि सव्वादोनला बोट आपोआप उचलली गेली. एक आजी मधुमेहाच्या होत्या, त्यांची गोळी आणि डबा हॉटेलवर राहिलेला, तो सगळा वेळ आम्हाला त्यांचीच काळजी होती. म्हणून ट्रिप तासाभराची असली तरी औषधं आणि थोडं खाणं सोबत ठेवाच, आणि त्याच दुपारची परतीची ट्रेन शक्यतो नको.

बरेच जण विचारतात, रोजचा रस्ता असून कळलं कसं नाही. तर 22 जुलै 2021 च्या पुरानंतर नदीत गाळ फार आला, मग तो काढायचं कामही झालं, त्यामुळे तळ पहिल्यासारखा राहिलेला नाही. शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं, वीज कमी-जास्त केली की वरच्या भागात पाणीही कमी-जास्त होतं, नुसत्या तिथीवर भागत नाही.

आता आम्ही ओहोटीत चिंचोळ्या फाट्यात बोट घालतच नाही, जास्त पैसे दिले तरी नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भर भरतीलाही कडेच्या गाळावर जात नाही, कारण तिथे बसली तर पुढच्या भरतीला पाणी तेवढं चढेलच असं नाही. बोटीत छत्र्या, ओआरएस, बिस्किटं आणि नांगर कायम असतो. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं आणि परत धक्क्यावरच काढायचं, लहान मुलांचं आम्ही स्वतः बांधून देतो. मगरीला चिकन वगैरे टाकू नका, वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, आणि खाण्याच्या आशेने बोटीजवळ यायला शिकली तर धोका इथल्या मच्छीमारांना.

बोट अडकून अर्ध्या तासाच्या वर गेली तर पूर्ण पैसे परत, त्या दिवशीही दिले होते. बुकिंग करताना तारीख आधी सांगा, वेळ आम्ही पाणी बघून कळवतो.