सहाशे वर्षांची रजई आणि पन्नास लक्स उजेड

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘ट्रिस्टन रजई’ नावाने ओळखली जाणारी एक रजई आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिली बेटावर कुणीतरी ती हाताने शिवली. ट्रिस्टन आणि इसोल्ड यांच्या, म्हणजे युरोपातल्या एका मध्ययुगीन प्रेमकथेतले प्रसंग तिच्यावर आहेत. जहाजं, घोडेस्वार, तलवारींची झुंज, आणि त्या त्या प्रसंगात काय चाललंय ते सांगणारी सिसिलियन बोलीतली अक्षरं. तिच्याशी नातं सांगणारा दुसरा भाग फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. आज शिल्लक असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या रजयांमध्ये तिची गणना होते.

या सगळ्या चित्रांत रंग असा जवळजवळ नाहीच. पांढरट लिननचे दोन थर, मध्ये कापूस, आणि लिननचाच तपकिरी व पांढरा दोरा. आकृतींच्या कडा उलट्या टिपेने बांधून घेतल्या आहेत आणि आतला भाग कापसाने फुगवला आहे. त्यामुळे घोड्याची मान, जहाजाचं शीड कापडातून वर उठतं. चित्र उमटतं ते उंचवट्यांच्या सावलीतून. अशा कामावर समोरून झगझगीत प्रकाश टाकला तर उठाव सपाट दिसू लागतो. बाजूने, तिरका आणि मंद उजेड दिला की टाका न् टाका दिसतो.

संग्रहालयांत जुन्या कापडाच्या दालनात पाऊल टाकलं की अनेकांना दिवे कमी केल्यासारखे वाटतात. ते मुद्दामच केलेले असतात. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं एकक. कापडासाठी सर्वसाधारणपणे ५० लक्स ही मर्यादा पाळतात. भर दुपारच्या थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास असतो.

लिनन जवसाच्या खोडातल्या तंतूंपासून बनतं आणि तंतू म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. ग्लुकोजच्या हजारो कड्या एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. धाग्याची ताकद या साखळीच्या लांबीत असते. प्रकाशातल्या, विशेषतः अतिनील आणि निळ्या किरणांमधल्या ऊर्जेमुळे हवेतला ऑक्सिजन या साखळीवर चढाई करतो आणि ती मधेच तुटते. हवेतली आम्लं आणि ओलावा मिळूनही हेच काम करतात. वाईट असं, की तुटणं बराच काळ डोळ्यांना दिसत नाही. कापड अखंड भासतं. एक दिवस घडी उलगडताना ते घडीवरच फाटतं.

तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. मंद उजेडही नुकसान करतोच, फक्त सावकाश. म्हणून संग्रहालयं उजेडाचा हिशेब ‘लक्स-तास’ या एककात ठेवतात. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,२०,००० लक्स-तास. थेट उन्हात हा आकडा साधारण सव्वा तासात पुरा होतो. उन्हात अतिनील किरणं भरपूर असतात, संग्रहालयात ती गाळून टाकतात, त्यामुळे खरा फरक याहून मोठा. म्हणजे आपण अशी रजई डोळे भरून पाहतो तेव्हा तिच्या आयुष्याचा एक बारीकसा हिस्सा खर्च होत असतो. जपणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून कित्येक वस्त्रं काही महिने मांडून मग काही वर्षं अंधारात विसाव्याला ठेवतात. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कायम झाकून ठेवलेली रजई कुणाचीच नाही, आणि कायम उघडी ठेवलेली पुढच्या पिढीची नाही.

ट्रिस्टन रजईच्या बाजूने तिचं साधेपणही आहे. लोकर आणि रेशीम हे कसरीच्या अळ्यांचं आवडतं खाद्य. लिनन आणि कापूस त्या सहसा सोडून देतात. रजईच्या टाक्यांचाही वाटा मोठा. जवळजवळ घातलेल्या टिपांमुळे आतला कापूस सरकून गोळा होत नाही, आणि कापड उचललं की ओढ एका जागी न येता शेकडो टाक्यांत वाटली जाते. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागच्याला गाठतो, त्यामुळे दोरा एका जागी तुटला तरी शिवण सरसर उसवत नाही.

रंगीत रजयांचं नशीब वेगळं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी ठिगळकामाच्या रजयांमध्ये विलक्षण गोष्ट दिसते: गुलाबी, निळे तुकडे धडधाकट, आणि त्यांच्या शेजारचा तपकिरी तुकडा भुगा होऊन गळून गेलेला. ते तपकिरी आणि काळे रंग पक्के करायला लोहाचे क्षार आणि टॅनिन (झाडांच्या साली वगैरेंतलं तुरट द्रव्य) वापरत. लोह ऑक्सिडीकरणाला गती देतं, म्हणून कापड रंगाच्या हद्दीपुरतंच जळाल्यासारखं होतं. त्याच शतकाच्या अखेरीच्या रेशमी रजयांची कथा आणखी दुःखद आहे. रेशीम वजनावर विकलं जाई, धुतल्यावर त्यातला डिंक जाऊन वजन घटे, म्हणून व्यापारी कथिलाचे क्षार भरून ते भरून काढत. असं जड केलेलं रेशीम पुढे आपोआप चिरत जातं. कितीही जपलं तरी त्याचा बिघाड त्याच्या आतच बसलेला असतो.

आपल्याकडच्या जुन्या गोधड्यांना हे सगळं लागू पडतं. लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घातलेली आजीची गोधडी पांघरायची वस्तू होती. ती धुतली जायची, गच्चीवर कडक उन्हात वाळायची, आणि म्हणूनच फार जुन्या गोधड्या हाती लागत नाहीत. वापरातल्या गोधडीला ऊन हवंच, ओल आणि बुरशी त्यानेच जाते. पण एखादी आठवण म्हणून राखायची असेल तर ती सावलीत वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आत दमटपणा कोंडतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी. लाकडी कपाटाच्या थेट स्पर्शात नको, लाकडातून आम्लाच्या वाफा निघतात. शक्य असेल तर घडीऐवजी जाड नळीवर गुंडाळावी. घडीच घालायची तर दर काही महिन्यांनी ती दुसरीकडून घालावी, आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून शिवणींच्या कडा नीट पाहाव्यात. बुरशी आणि कसर तिथूनच सुरू होते.